सेलची वाट बघायची की रिसॉर्ट आत्ताच बुक करायचं?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. सात महिन्यांनी शाळेच्या सुट्टीत रिसॉर्टला जायचंय, चार मोठी माणसं आणि दोन मुलं, दोन खोल्या आणि मधे दार असलेल्या हव्यात, रिसॉर्ट ठरलेलं आहे. गेल्या वर्षी त्याच रिसॉर्टने साधारण याच सुट्टीच्या तीन महिने आधी 25 टक्के सूट जाहीर केली होती, म्हणून तुमचे मेहुणे म्हणतायत की थांबा, कशाला घाई. आणि स्क्रीनवर आज दोन रेट दिसतायत, एक कॅन्सल करता येणारा, आणि दुसरा एकूण रकमेत 12 टक्के स्वस्त पण पैसे आत्ता भरायचे आणि परत मिळणार नाहीत असा.

मी बरीच वर्षं रिसॉर्टच्या रिझर्वेशनमध्ये आणि नंतर रेव्हेन्यू टीममध्ये, म्हणजे खोल्यांचे भाव आणि सूट ठरवणाऱ्या टीममध्ये, काम केलंय, आता लोकांच्या ट्रिप्स आखून देतो, त्यामुळे या ऑफर्स आतून कशा निघतात ते बघितलंय. म्हणून आधीच सांगतो, तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकत्र झालेत. "थांबू की बुक करू" हा पहिला, आणि तो खरंतर सोपा आहे. "दोनपैकी कुठला रेट घेऊ" हा दुसरा, आणि खरी गोम तिथे आहे. मेहुण्यांशी तुमचा वाद पहिल्यावर चाललाय, पैसे दुसऱ्यावर अडकणार आहेत.

पहिला उरकून टाकू. कॅन्सल करता येणारा रेट असेल, ॲडव्हान्स सगळा परत मिळत असेल, आणि कॅन्सल करायची शेवटची तारीख सेल येण्याच्या अपेक्षित वेळेनंतरची असेल, तर थांबण्यात काहीच फायदा नाही. आज बुक केलं आणि सेल आला तर नवीन रेटवर जाता येतं, नाही आला तर आजचा भाव तुमच्या हातात आहेच. थांबलात आणि सेल आला तरी तेवढाच भाव मिळणार, आणि नाही आला तर तेव्हा जो भाव असेल तो, तोही खोली शिल्लक असेल तर. म्हणजे थांबणाऱ्याला जास्तीचं काहीच मिळत नाही, रिस्क मात्र सगळी त्याच्याकडे. फक्त या तीन अटी खरंच तशा आहेत का ते नीट वाचा, कारण सुट्टीच्या दिवसांत बरीच रिसॉर्ट्स कॅन्सलेशनची मुदत मागे ओढतात, एरवी आठवडाभर आधीपर्यंत चालतं तिथे गर्दीच्या तारखांना महिना, कधी दीड महिना आधी कळवावं लागतं. आणि ती वेळ रिसॉर्टच्या गावच्या घड्याळाची असते, तुमच्या नाही, यात लोक खूप अडकतात.

आता सेलबद्दल, कारण "गेल्या वर्षी आला होता म्हणजे यंदाही येईल" हे जे सगळे धरून चालतात ते अर्धंच खरं आहे. सेल येईलही. तुमच्या तारखांना येईल का हा प्रश्न आहे.

सूट कशी ठरते ते सांगतो. रेव्हेन्यू टीमसमोर रोज सकाळी पिकअप रिपोर्ट असतो, म्हणजे पुढच्या प्रत्येक तारखेला कालपासून किती खोल्या नव्याने भरल्या, किती कॅन्सल झाल्या, आणि गेल्या वर्षी इतके दिवस आधी असताना ती तारीख कुठे होती. एका ओळीत एक तारीख, शेजारी खोल्यांचे प्रकार. तुम्हाला बाहेरून "25 टक्के सूट" असा एकच मोठा बॅनर दिसतो, आत मात्र ती सूट तारखेनुसार आणि खोलीच्या प्रकारानुसार उघडलेली किंवा बंद केलेली असते. ज्या ओळी मागे पडल्यात तिथे उघडायची, ज्या आपोआप भरतायत तिथे हात लावायचा नाही. आणि हे रोज बदलतं. सेलच्या पहिल्या दिवशी उघडी असलेली तारीख तीन दिवसांनी बंद झालेली मी कितीदा पाहिलीये, कारण तोवर तेवढ्या खोल्या गेलेल्या असतात.

यामागचं गणित विमान कंपन्यांकडून आलंय. 1972 मध्ये बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीतल्या केन लिटलवूड यांनी एक साधा नियम मांडला, की स्वस्तात मागणाऱ्याला सीट द्यायची ती कधी, तर तीच सीट नंतर पूर्ण भावात जाण्याची शक्यता गुणिले पूर्ण भाव हे स्वस्त भावापेक्षा कमी भरत असेल तेव्हाच. पुढे 1985 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने आगाऊ खरेदीची स्वस्त तिकिटं याच विचाराने विकली, स्वस्त तिकिटांवर उभ्या राहिलेल्या पीपल एक्सप्रेसशी तिची स्पर्धा चालली होती. मग अमेरिकन एअरलाइन्सचे प्रमुख रॉबर्ट क्रँडॉल यांच्याकडून ही कल्पना मॅरियट या हॉटेल साखळीच्या बिल मॅरियट यांच्यापर्यंत गेली आणि हॉटेलांत आली. आज सगळं सॉफ्टवेअर करतं पण मूळ हिशोब तोच आहे.

तो तुमच्यावर लावून बघा. पूर्ण भाव 100 धरला तर 25 टक्के सूट देऊन भाव 75. म्हणजे रिसॉर्ट ती खोली सेलमध्ये तेव्हाच टाकणार, जेव्हा त्यांना वाटतंय की पूर्ण भावात ती जाण्याची शक्यता 75 टक्क्यांपेक्षा कमी आहे. शाळेच्या सुट्टीच्या ऐन मधल्या आठवड्यात, मोठ्या कुटुंबांना लागणाऱ्या खोल्यांबद्दल असं त्यांना वाटेल का? सहसा नाही. सुट्टीच्या सुरुवातीच्या किंवा शेवटच्या एकदोन रात्री, आठवड्याच्या मधल्या रात्री, किंवा वर्ष एकूणच थंड चाललंय असं असेल तर वाटू शकतं. सूट जितकी मोठी तितक्या रिकाम्या तारखांना ती लागते, हे एवढं डोक्यात ठेवलं तरी बरेच बॅनर आपोआप वाचता येतात.

मग गेल्या वर्षीचं काय ते आधी शोधा. तुम्हाला "ऑफर आली होती" एवढंच कळलंय, पण त्या ऑफरच्या अटीत राहण्याच्या तारखा कुठल्या होत्या? प्रत्येक सेलला दोन कालावधी असतात, बुकिंग कधीपर्यंत करायचं तो एक आणि राहायचं कधी तो दुसरा, आणि त्या दुसऱ्यातून वगळलेल्या तारखा वेगळ्या लिहिलेल्या असतात, ब्लॅकआउट डेट्स म्हणतात त्या. नोव्हेंबरच्या शेवटी ब्लॅक फ्रायडेला निघणाऱ्या ऑफर्स बघा, बऱ्याचशा पुढच्या मंदीच्या महिन्यांत राहण्यासाठी असतात, नाताळ ते नवीन वर्ष बहुतेक वेळा वगळलेलं. रिसॉर्टचं जुनं ऑफर पेज आता नसेल तर इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर पत्ता टाकून बघा, कधी कधी अटींसकट सापडतं. दहा मिनिटांचं काम आहे आणि मेहुण्यांशी अर्धा तास वाद घालण्यापेक्षा त्यातून जास्त कळेल.

आता दुसरा प्रश्न, स्वस्त पण अडकणारा रेट की महाग पण मोकळा. इथे आकडे मांडल्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही.

मोकळा रेट 100, अडकणारा 88. लोक काय करतात, की 25 टक्के सेल आला तर 75 होतील, म्हणजे सेलची शक्यता अर्धी जरी असली तरी मोकळा रेट परवडला. 12 भागिले 25, साधारण 48 टक्के. बरोबर वाटतं, पण 25 टक्के कशावर ते बघितलेलं नसतं. सूट बहुतेक वेळा फक्त खोलीच्या भाड्यावर असते. समजा तुमच्या 100 मध्ये खोली 70, जेवण आणि मुलांचे जादा बेड वगैरे 15, रिसॉर्टचं ठरलेलं सक्तीचं शुल्क 5, आणि यावर टॅक्स 10. आता 70 वर 25 टक्के सूट, खोली झाली 52.5, जेवण आणि शुल्क तेवढंच, टॅक्स उतरून साधारण 8, बेरीज 80.6 च्या आसपास. म्हणजे बॅनरवर 25 आणि तुमच्या खिशात 19 ते 20. आता तेच गणित परत करा, 12 भागिले 19.4, म्हणजे सेल तुमच्या तारखांना लागण्याची शक्यता 62 टक्क्यांच्या वर असेल तरच निव्वळ सेलच्या आशेवर मोकळा रेट घेणं परवडतं. तुमच्या रिसॉर्टची विभागणी वेगळी असेल, शेवटच्या पेमेंट स्क्रीनवर सगळं फोडून दिलेलं असतं तिथून आकडे घ्या.

आणि ऐन सुट्टीच्या तारखांना 62 टक्के मी तरी धरणार नाही. मग अडकणारा रेट घ्यायचा का? थांबा, अजून एक गोष्ट राहिली.

मोकळ्या रेटमध्ये तुम्ही फक्त सेलची संधी विकत घेत नाही, कॅन्सल करायची सोय पण घेता. सहा माणसं, त्यात दोन मुलं, सात महिने. कोणाची रजा मंजूर होणार नाही, शाळा परीक्षेच्या तारखा हलवेल, कोणी आजारी पडेल. ट्रिप मोडायची शक्यता 12 टक्क्यांच्या वर असेल तर सेल आला काय न आला काय, मोकळा रेटच बरा, कारण 88 पूर्ण बुडण्याची भीती 12 वाचवण्याच्या आनंदापेक्षा जड होते. आणि दोन्ही गोष्टी थोड्याथोड्या असल्या तरी चालतं, म्हणजे ट्रिप मोडायची शक्यता वीसात एक आणि सेल लागायची 40 टक्के, एवढ्यावरच दोन्ही रेट जवळजवळ बरोबरीत येतात, करून बघा. इन्शुरन्स आहे म्हणाल तर तो पॉलिसीत लिहिलेल्या कारणांनाच पैसे देतो, "भावाला रजा मिळाली नाही" हे बऱ्याच पॉलिसींमध्ये कारण नसतं.

म्हणून तुमच्या बाबतीत माझं मत मोकळा रेट, आणि आजच. पण यात एक खाच आहे जी फार कमी लोक वापरतात. मोकळ्यावरून अडकणाऱ्या रेटवर नंतर कधीही जाता येतं, तो रेट उघडा असेपर्यंत. उलट जाता येत नाही. तेव्हा आज मोकळा घ्या, दीडदोन महिन्यांत सगळ्यांच्या रजा पक्क्या झाल्या, शाळेचं वेळापत्रक आलं, की परत बघा, तो 12 टक्के स्वस्त रेट अजून दिसत असेल आणि गेल्या वर्षीच्या अटींवरून सेल तुमच्या तारखांना लागणार नाही असं दिसत असेल तर तेव्हा तिकडे उडी मारा. तोवर अनिश्चितता बरीच कमी झालेली असते आणि त्यासाठी तुम्ही काही दिलेलं नसतं. तो रेट दरम्यान बंद होऊ शकतो हे खरं, पण तो बंद झाला याचा अर्थ तारखा चांगल्या भरतायत, म्हणजे मोकळ्या रेटने का होईना तुमची खोली हातात आहे हे बरंच झालं.

थांबणं बरोबर कधी, तेही सांगतो, नाहीतर मेहुण्यांवर अन्याय होईल. तारखा सरकवता येतात, मंदीचा सीझन आहे, दोनच माणसं आहेत, कुठलीही खोली चालेल आणि त्याच भागात अजून पाचसात रिसॉर्ट्स आहेत जी तुम्हाला तितकीच आवडतील, अशा माणसाने खुशाल थांबावं. त्याच्यासाठीच सेल काढलेला असतो. किंवा रिसॉर्टचा "मोकळा" रेट नावालाच मोकळा आहे, सगळे पैसे आत्ता घेतात आणि कॅन्सल केलं तर रोख न देता पुढच्या वेळेसाठी क्रेडिट देतात, तर तो मोकळा नाहीच, मग विचार वेगळा करावा लागेल. आणि पेमेंट परकीय चलनात असेल तर पूर्ण रिफंडमध्येही विनिमय दराने थोडं कमीजास्त होतं, ते धरून चाला. तुमच्या तारखा शाळेने बांधल्यात, खोल्या ठराविक हव्यात, रिसॉर्ट एकच आहे. तुमच्याकडे सरकवण्यासारखं काही नाही, आणि ज्याच्याकडे सरकवण्यासारखं काही नाही त्याला सूट द्यायची रिसॉर्टला गरज पडत नाही.

विमानाचं तिकीट घेतलंय का हे तुम्ही लिहिलं नाही. परत न मिळणारं तिकीट काढलं असेल तर खोली न धरता एक दिवसही राहू नका, कारण त्या क्षणापासून तुमची थांबायची ताकद संपलेली असते. आणि विमान आणि रिसॉर्ट एकत्र पॅकेजमध्ये घेणार असाल तर नंतर फक्त खोलीचा भाग नवीन रेटवर हलवणं बहुतेक ठिकाणी होत नाही, त्यामुळे सेलची आशा असेल तर दोन्ही वेगळं घ्या.

आता सेल खरंच आला तर काय करायचं. इथे चांगले हुशार लोक गडबड करतात. जुनं बुकिंग आधी कॅन्सल करायचं नाही. सेलचा रेट ठराविक खोल्यांनाच उघडलेला असतो, आणि तुम्ही सोडलेली खोली आपोआप त्या सेलच्या कोट्यात जाऊन पडत नाही, ती साध्या विक्रीत परत जाते. म्हणजे कॅन्सल करून बुक करायला गेलात आणि मधल्या पाच मिनिटांत सेलची शेवटची खोली गेली, तर दोन्ही हातातून जातं. आधी नवीन बुकिंग, त्याचं कन्फर्मेशन ईमेलवर आलं, तारखा आणि माणसांची संख्या तपासली, मग जुनं कॅन्सल, आणि कॅन्सलेशन नंबर जपून ठेवायचा. दोन्ही बुकिंग दिवसेंदिवस धरून पण ठेवू नका, एकाच नावावर त्याच तारखांना दोन बुकिंग दिसली तर काही ठिकाणी डुप्लिकेट समजून एक काढून टाकतात, आणि कुठलं काढतील ते आपल्या हातात नसतं.

त्याआधी एक फोन करून बघा, "याच बुकिंगवर नवीन रेट लावता येईल का" असं विचारा. अटीत फक्त नवीन बुकिंगसाठी असं लिहिलेलं असलं तरी रिझर्वेशनवाल्यांना कधी कधी ॲडव्हान्स तसाच ठेवून रेट बदलून देता येतो, खास करून थेट रिसॉर्टकडे बुक केलं असेल तर. दुसऱ्या साईटवरून केलं असेल तर रिसॉर्टवाले तुम्हाला त्या साईटकडेच पाठवतील. हे माझं थेट बुक करा म्हणण्याचं मोठं कारण. शिवाय 2016 पासून हिल्टन, मॅरियट अशा मोठ्या साखळ्यांनी फुकट मेंबर होणाऱ्यांना थेट बुकिंगवर थोडा कमी रेट द्यायला सुरुवात केली, तुमचं रिसॉर्ट अशा कुठल्या साखळीचं असेल तर आधी मेंबर व्हा, ती थोडी सूट सेलची वाट न बघता आजच मिळते. "सर्वात कमी भावाची हमी" असं जे लिहिलेलं असतं त्यावर मात्र विसंबू नका, ती बहुतेक ठिकाणी दुसऱ्या साईटवरच्या त्याच खोलीच्या भावाबद्दल असते आणि बुकिंगपासून 24 तासांत दावा करावा लागतो, तीन महिन्यांनी रिसॉर्टने स्वतःच काढलेल्या सेलला ती लागत नाही.

आणि दार जोडलेल्या खोल्या. ही तुमची सगळ्यात नाजूक गोष्ट आहे आणि तुम्ही ती शेवटी एका ओळीत लिहिलीये. बहुतेक रिसॉर्ट्समध्ये ती फक्त विनंती म्हणून नोंदवली जाते, हमी नसते. हिल्टनने 2021 मध्ये बुकिंग करतानाच जोडलेल्या खोल्या पक्क्या करायची सोय सुरू केली, पण सगळीकडे तसं नाही, तुमच्या रिसॉर्टला विचारून लेखी घ्या. अशा जोड्या कुठल्याही रिसॉर्टमध्ये मोजक्याच असतात आणि सुट्टीत सगळ्यांनाच हव्या असतात. नवीन रेटवर गेलात की तो सिस्टीममध्ये नवीन बुकिंग नंबर, जुन्या बुकिंगवरच्या नोंदी त्याच्यासोबत येत नाहीत. जोडलेल्या खोल्या, मुलांचा बेड, कोणाची ॲलर्जी, लवकर चेक-इन, सगळं परत सांगावं लागतं, आणि सेलनंतरच्या गर्दीत तुमचा नंबर मागे लागू शकतो. पंधरावीस टक्के वाचत असतील तर करा. पाचसहा टक्क्यांसाठी आणि तेही पैसे परत न मिळणाऱ्या अटीवर, मी तुमच्या जागी असतो तर जुनं बुकिंग हलवलं नसतं.

तर आज मोकळा रेट थेट रिसॉर्टकडे, दोन्ही खोल्या एकाच फोनवर आणि एकमेकींच्या बुकिंग नंबरचा उल्लेख करून, शेवटच्या स्क्रीनची पीडीएफ काढून ठेवा कारण सेल आला की तुलना त्या अंतिम रकमेशी करायचीये, बॅनरवरच्या टक्क्यांशी नाही. कॅन्सलेशनच्या तारखेच्या दहा दिवस आधीचा रिमाइंडर फोनमध्ये लावा. आणि मेहुण्यांना सांगा की सेलवर लक्ष ठेवायचं काम त्यांचं, आला तर लगेच फोन करायचा.